भुऱ्या जायचा तिकडे

१

जानरावच्या हातची गाठ सहसा सुटत नसे. भिलाईच्या कारखान्यात तो खलासी होता. लोखंडाची अवजड तुळई क्रेनला बांधायची, हात वर करून इशारा द्यायचा आणि ती माणसांच्या डोक्यावरून पार होईस्तोवर मान वर करून उभं राहायचं, हे त्याचं काम. पहिली भट्टी पेटून वर्ष होत आलं होतं, पुढच्या भट्ट्यांचं बांधकाम जोरात होतं, आणि असं एवढं ओझं बांधणाऱ्या माणसाला घरचं एक कुत्रं बांधून ठेवता येत नव्हतं, याचं क्वार्टरांच्या सगळ्या ओळीला हसू यायचं.

कुत्रं क्वार्टरबरोबरच आलं होतं. पत्र्याच्या कॅम्पातून सामान घेऊन ही मंडळी नव्या क्वार्टरला आली, तेव्हा ते दारात पसरलं होतं. माणसं पाहून उठलं, अंग झाडलं आणि बाजूला झालं. जणू घरधनी ते आणि पाहुणे हे. जानरावच्या बायकोनं, ललितानं, हाड हाड केलं. त्याची माय भीमाबाई मात्र म्हणाली, "राहू दे त्याले. आपल्या आधीचा हाय तो इथं." रंग भुरका, म्हणून नाव पडलं भुऱ्या.

पुढे ललिता बाळंतपणाला तुमसरला माहेरी गेली. घरात उरली मायलेकरं. भीमाबाईचा जन्म भंडाऱ्याकडच्या खेड्यात गेलेला. उंबऱ्याबाहेर पाय ठेवला की कोणी ना कोणी बोलायला हजर. इथं डाव्या हाताला मद्रासी, समोर पंजाबी, मागे बंगाली. हिंदी तिला कळायची, पण जिभेवर यायची नाही. जानराव ड्युटीवर गेला की ती भुऱ्याशी बोलत बसायची. मागल्या साली पडलेला दुष्काळ, नवरा गेला तो दिवस, नागपूरला दीक्षा घेताना झालेली गर्दी, सगळं भुऱ्याला सांगून झालं होतं. ती एक गुडघा उभा करून बसायची, शेजारची जमीन हातानं थोपटायची, आणि भुऱ्या तिथं येऊन टेकायचा.

आणि हाच भुऱ्या रोज पळून जायचा. दिवस कलला, मागच्या भिंतीची सावली नालीपर्यंत आली, की तो उठायचा आणि सरळ चालू लागायचा. मागं वळून पाहणं नाही, की हाकेला थांबणं नाही. दिवेलागणीला परत यायचा. तोवर भीमाबाई दारात बसून असायची.

"आज नाई आला त?" रोजचंच तिचं.

एक दिवस तो आल्यावर जानरावनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तर तळहात पांढरा झाला. छुई लागली होती. इकडच्या बाया भिंती आणि चुली सारवायला-पोतारायला जी पांढरी माती घेतात, ती. ओली होती. अंगाला कुठं घासून लागावी तशी नव्हती. मानेपासून पाठीपर्यंत पाच बोटं ओढलेली दिसत होती. चूल पोतारता पोतारता कोणीतरी हात तसाच त्याच्या अंगावरून मायेनं फिरवला असावा.

"कोणीतरी लाड करून राहिलं याचे," जानराव हसत म्हणाला.

भीमाबाईचं तोंड उतरलं. "माह्यापेक्षा जास्त?"

२

पहिली पाळी सुटल्यावर एके दिवशी तो कुत्र्याच्या मागं गेला. क्वार्टरांची शेवटची ओळ संपली, नाल्यावरची पुलिया लागली, आणि पुढं लाल मुरुमाचं मोकळं मैदान. तिथं कारखाना यायच्या आधी गाव होतं. लोकांना दुसरीकडे जागा मिळाल्या, ते उठून गेले. मातीची घरं बुलडोझरनं सपाट केली. विहीर तेवढी होती, तीही मलब्यानं काठोकाठ बुजवलेली. दूरवर ट्रक माती ओतत होते. एक झोपडी नाही, झाड नाही, कुठं धूर नाही.

मैदानाच्या मधोमध भुऱ्या हळू झाला. त्यानं एक पाय उंच उचलून पलीकडे टाकला, मग दुसरा. उंबरा ओलांडावा तसा. मान खाली घातली, ठेंगण्या दारातून आत शिरताना घालतात तशी, आणि दोन पावलं जाऊन बसला.

जानराव पुलियावरच थांबला.

भुऱ्याचे कान मागं पडले. डोळे मिटले. मानेवरची कातडी हळूच मागं सरकली आणि पुन्हा जागेवर आली. पुन्हा सरकली. शेपूट मुरुमावर आपटत होतं.

जानराव भेकड नव्हता. नागपूरला मायसोबत उभं राहून त्यानं दीक्षा घेतली होती, आणि देवांबरोबर भुताखेतांचंही गाठोडं तिथंच टाकून आला होता. त्यानं स्वतःला समजावलं: जुनी जागा आहे, जनावराला सवय असते, केस वाऱ्यानं हलत असतील. पण वारा नव्हता. ट्रकांनी उडवलेली धूळ जागच्या जागी उभी होती.

त्यानं शीळ घातली. भुऱ्यानं डोळे उघडले, पण जानरावकडे पाहिलं नाही. त्यानं वर पाहिलं, अगदी जवळ बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहून 'जाऊ का?' असं विचारावं तसं. थोडा थांबला. मग उठला, पाय उंच उचलून बाहेर आला आणि जानरावच्या मागं चालू लागला.

पाठीवरची माती ओली होती.

मायला त्यानं एवढंच सांगितलं, "उठलेल्या गावात जाते तो. जुनी सवय हाय. तिथं कोणी नाई."

"मंग बांध त्याले," भीमाबाई म्हणाली. "कोणी नाई त जाते कायले? मी त हावो नं इथं."

३

सुती दोरी भुऱ्यानं कुरतडली. तागाचा दोर गळ्यातून काढला. मग जानरावनं क्रेनवरची गाठ मारली. जितकं ओढावं तितकी आवळणारी. भुऱ्यानं ती ओढलीच नाही. सावली नालीपर्यंत येईस्तोवर गप पडून राहिला. भीमाबाई चहा टाकायला आत गेली नि बाहेर आली, तर दोर जमिनीवर. तुटला नव्हता, कुरतडलेला नव्हता. गाठ सोडून दोर सरळ करून ठेवला होता.

"माय, तू सोडलं का त्याले?"

"मी कावून सोडीन? मीच त बांधाले सांगितलं तुले."

जानरावनं कुंपणाच्या फटींना डांबराच्या पिंपाचे पत्रे ठोकले. नालीच्या भोकात दगड बसवला. फाटकाला वरून तार ओढली. आणि पावर हाऊस नावाच्या वस्तीतल्या बाजारातून साखळी आणून मागच्या भिंतीतल्या आकड्याला घातली. कुत्र्याला घराची गोडी लागावी म्हणून भीमाबाई त्या वेळेला गुळाची पोळी कुस्करून पुढं ठेवू लागली.

भुऱ्यानं पोळीला तोंड लावलं नाही. साखळी ताणून तो अशा काही आवाजात रडायचा की समोरची पंजाबीण कानावर हात ठेवून आत जायची. गळ्याखालचे केस गेले, कातडी लाल झाली. जानराव रोज तिथं खोबरेल तेल लावायचा आणि साखळी पुन्हा अडकवायचा.

कुंपणापलीकडे केवलराम राहायचा, गोंदियाकडचा, जानरावच्याच खात्यातला. तो एकदा विडी ओढत उभा राहिला.

"जानरावभाऊ, सोडून द्या त्याले. येते नं तो रोज वापस?"

"येते. पण एखादे दिवशी नाई आला त माय जेवाची नाई."

"तुमच्या मायले तो आवडते, मान्य हाय," केवलराम म्हणाला. "पण त्याचं कोणी तिकडं बसून असन तेही वाट पाह्यतच असन का नाई?"

"तिकडं कोणी नाई, केवलराम. मी आपल्या डोयानं पाह्यलं."

केवलरामनं विडी पायाखाली चुरडली. "मंग ठीक हाय," म्हणाला, आणि घरात गेला. दार त्यानं आतून लावून घेतलं, हे जानरावच्या ध्यानात राहिलं. उन्हाळ्याच्या दिवसांत दिवसाढवळ्या दार कोणी लावत नसे.

४

पुढच्या आठवड्यात जानरावची पाळी बदलली. दुपारी जायचं ते रात्रीच यायचं. सकाळी चहा पिताना माय म्हणाली, "भुऱ्या आता रडत नाई."

"सवय पडली."

"हो. त्या टायमाले उठते, शेपूट हालवते, न मागच्या दाराकडं पाहत बसते. शाहणा झाला."

जानरावला बरं वाटलं. माय पुष्कळ दिवसांनी हसून बोलत होती. तो कप ठेवायला स्वयंपाकघरात गेला, तर सिमेंटच्या खोलीला ओल्या मातीचा वास येत होता. त्याच्या लहानपणच्या घरात सण जवळ आला की यायचा, तसा. शेगडीभोवती जमिनीवर पांढरा पट्टा काढलेला होता. एकसारखा, सफाईदार, कोपऱ्यात बोटांनी वळवलेला.

"माय, माती कुठून आणली?"

"मी नाई आणली. ते बाई आणते."

"कोणती बाई?"

"येते एक. मागं बसते." भीमाबाई तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. "इथलीच हाय. तिची बोली मले निम्मी समजते, माही तिले निम्मी. पण बसते बिचारी घडीभर. चूल उघडी पाहून तिले करमत नाई, म्हणून पोतारून देते."

जानराव मागच्या दाराशी गेला. फाटकाची तार जशीच्या तशी ओढलेली होती. पत्रे ठोकलेले. आत यायचं तर मांजरालाही भिंत चढावी लागली असती.

"कुठून येते ते?"

"मी काई पुसलं नाई." भीमाबाईनं सूप खाली ठेवलं. "तिले भुऱ्या पाह्यजे, जान्या. पयल्या दिवसापासून तेच म्हणून राहिली. मी म्हटलं, कुत्रा माहा हाय, मी नाई देत. मले कोण हाय दुसरं? तर म्हणे, मले तरी कोण हाय."

"मंग?"

"मंग काय! दोघी बसलो. काल म्हणे, नाई देत त तू चाल माह्या घरी. पाहून घे कसं हाय ते."

जानराव मागच्या दारातून आत आला. तो भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहून, जरा मोठ्यानंच म्हणाला, "माय, भूतबीत काई नसते. आपण दीक्षा घेतली नं?"

भीमाबाईनं त्याच्याकडे नवलानं पाहिलं. "मी कुठं भूत म्हटलं? बाई हाय ते."

त्याच्या मनानं लगेच हिशेब जुळवला: म्हातारं माणूस, दिवसभर एकटं, सून घरात नाही. केवलरामची बायको येत असेल कुंपणावरून. नसेल, तर मायच करत असेल आणि विसरत असेल. ललिताला लवकर आणलं पाहिजे. तरीही कामावर जाताना तो साखळीपाशी वाकला. आकड्यात बोट घातलं. भुऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं.

"नोको सोडू," दारातून माय म्हणाली. "तो गेला त ते बाईही येणार नाई."

जानरावनं बोट काढून घेतलं.

५

सुट्टीच्या दिवशी मात्र त्यानं ठरवलं. कुत्र्याला सोडायचं, मायला तुमसरला नेऊन पोचवायचं, आणि बाळंतीण उठली की सगळ्यांना सोबतच आणायचं. मायला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बाजारातून येऊन सोडजो. जायच्या आधी दोन घास खाऊ दे त्याले."

तो बाजारात गेला. रॉकेल घेतलं. परतीला निघाला, तर गावाकडचा एक ओळखीचा भेटला. चहा झाला, गप्पा झाल्या, आणखी एक चहा झाला. पुढं आयुष्यभर जानरावला त्या दुसऱ्या चहाची चव आठवत राहिली. कोमट होता, आलं जास्त झालं होतं, आणि तो प्यायला काहीही कारण नव्हतं.

घरी आला तेव्हा सावली नाली ओलांडून गेली होती. साखळी भिंतीला लोंबत होती. फाटकाची तार सोडून नीट गुंडाळून ठेवली होती. स्वयंपाकघरात शेगडीवर भाताचं पातेलं, झाकण घातलेलं, अजून गरम.

तो पळत सुटला.

पुलियावर पोचला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मैदानातून माय येत होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, तीच ठेंगणी चाल. बाजूला भुऱ्या, तिच्या पायात पायात घोटाळत, वर तिच्या तोंडाकडे पाहत. एका ठिकाणी तिनं लुगडं किंचित उचललं आणि पाय उंच करून टाकला. कुत्र्यानंही टाकला. जानरावनं ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

"माय! कुठं गेली होती तू?" तिचा हात धरून तो रागावलाच. "सांगून जायचं नाई का? माहा जीव गेला असता!"

तिचा हात ओला होता, थंड होता. मनगटावर मायचं गोंदण होतं. तेही त्यानं पाहून घेतलं. का पाहून घेतलं, हे स्वतःला विचारलं नाही. तिला धरून तो घराकडे वळला. भुऱ्या पुढं झाला.

पुलिया ओलांडताना मागून हाक आली.

"जान्या."

मोठ्यानं नाही. लहानपणी तो अंगणात असला की माय आतून मारायची तशी. ऐकू जाईलच, या भरवशाची.

जिचा हात त्यानं धरला होता ती थांबली नाही. भुऱ्यानं कानसुद्धा फिरवला नाही. जानरावनं मान वळवली.

मैदानाच्या मधोमध कोणीतरी बसलं होतं. डोक्यावर पदर. एक गुडघा उभा. आणि हात शेजारची जमीन थोपटत होता, हळूहळू, कोणाला तरी जवळ बोलवावं तसा.

तेवढ्यात मातीनं भरलेला ट्रक मधून गेला. धुळीचा लोट उठला. ती धूळ खाली बसेस्तोवर उभं राहायचं, एवढंच त्याला करायचं होतं. दोन श्वासांचं काम. जानराव उभा राहिला नाही. त्यानं हातातला हात घट्ट केला, मान समोर केली, आणि जी हातात होती तिला घेऊन घरी आला.

६

भुऱ्या त्यानंतर कधी पळाला नाही. फाटक सताड उघडं असलं तरी तो म्हातारीच्या पायाशी पडलेला असे. ओळीतले लोक म्हणाले, जानराव, जमलं बुवा तुले.

ललिता बाळाला घेऊन आली. मुलगा झाला होता. घर पाहून ती हरखली. कोपरे पोतारलेले, भांडी लख्ख. म्हातारी आता समोरच्या पंजाबिणीशी हातवारे करून बोलायची, भाजीवालीशी तिच्याच बोलीत घासाघीस करायची. "आत्याबाई त इथल्याच होऊन गेल्या," ललिता कौतुकानं म्हणाली. "किती बेस झालं. तुमी उगाच घोर करत होते."

म्हातारी जानरावला 'बेटा' म्हणू लागली. वाढताना मीठ तेवढंच घालायची, तापात कपाळावर हात ठेवायची. तिच्यात खोट काढावी असं काही नव्हतं. फक्त 'जान्या' ही हाक त्या घरात पुन्हा ऐकू आली नाही.

सुट्टी आली की तो मैदानावर जायचा. पहिल्यांदा गेला तेव्हा त्या जागेवर मातीचे ढीग पडलेले होते. पुढं ढीग पसरले, दाबले गेले. तो पुलियावर उभा राहून "माय, माय" म्हणायचा. आधी मनात, मग तोंडानं. एकदा ट्रकवाल्यानं विचारलं, "क्या खो गया, भैया?" जानरावला सांगता येईना. पावसाळ्यानंतर तिथं खडी आली, स्लीपर आले, आणि कारखान्याचा रूळ त्या जागेवरून सरळ गेला.

रुळावरून मालाची पहिली वाघीण गेली त्या दिवशी तो घरी आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. ललिता मागं कपडे वाळत घालत होती. म्हातारी भाजी निवडत होती, भुऱ्या तिला टेकून झोपला होता.

"माही माय कुठं हाय?" त्यानं विचारलं.

तिचे हात थांबले. वर न पाहता ती इथल्या बोलीत बोलली. आवाजात राग नव्हता. फार दिवस चालून आलेल्या माणसाचा थकवा तेवढा होता.

"मोला लेगे बर कोनो नइ आए रिहिस, बेटा. तैं आए, हाथ धरे. त मैं आ गेंव."

मला न्यायला कोणीच आलं नव्हतं. तू आलास, हात धरलास. मग मी आले.

जानराव भिंतीला टेकून खाली बसला. ती खोटं बोलत नव्हती. त्यानंच धरला होता हात. कोणाचा धरला, हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. ते स्वतःशी कबूल करायला मात्र त्यानं रूळ पडेस्तोवर वेळ लावला होता.

आत पाळण्यात मूल रडायला लागलं. ललितानं मागून ओरडून सांगितलं, "पाहा नं जरा त्याले, माहे हात ओले हाय!"

तो उठला. पोराला उचलून बाहेर आला. ते त्याच्याजवळ राहीना; मान मागं टाकून, लाल होऊन रडत होतं. म्हातारीनं मांडीवरची भाजी बाजूला केली, हात पदराला पुसले आणि पुढं केले. तिनं मागितलं नाही. नुसते हात पुढं करून, त्याच्याकडे पाहत राहिली.

जानराव किती वेळ तसाच उभा होता कोण जाणे. मग त्यानं वाकून मूल तिच्या हातात दिलं, आणि ते रडायचं थांबलं.